मोटार लावताना-सोडताना डबा रिसेट होतो? बोर्ड बदलायच्या आधी हे बघा

"भाऊ, तुमचा डबा पुन्हा गेला."

वरूडकडून असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मोटार सुरू होताना गेला, की बंद होताना? समोरचे काका वैतागतात. "आता ते कोन पायलं? गेला म्हंजे गेला." मी म्हणतो, दोन दिवस जरा लक्ष ठेवा, मग येतो. टाळायला नाही म्हणत. त्या एका उत्तरात अर्धं निदान असतं आणि माझी साठ किलोमीटरची फेरी वाचते.

डबा म्हणजे बोरची मोटार आपोआप लावणारी-सोडणारी पेटी. तिच्यात काय असतं ते आधी सांगतो, कारण असे डबे आता बरेच जण घरीच जोडतात. प्लास्टिकच्या पेटीत चारशे-पाचशे रुपयांचा ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला इवला संगणकच), चार रिलेंची (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचांची) पट्टी, संत्र्याच्या आळ्यात पुरलेले ओलाव्याचे दोन-तीन सेन्सर, मातीच्या तापमानासाठी डीएस१८बी२०, टाकीत फ्लोट स्विच, मोटारीच्या एका फेजवर करंट मोजणारी सीटी, घड्याळाचं मॉड्यूल आणि नोंदी ठेवायला मेमरी कार्ड. सगळं मिळून तीन-चार हजारांत बसतं. कारखान्यात यंत्रं चालवणारा पीएलसी कंट्रोलर हेच काम जास्त भरवशाने करतो, पण त्याच्या पैशात आपल्याकडे एका मोसमाचं खत येतं.

असल्या डब्याला 'रिअल टाइम' यंत्रणा म्हणतात. का म्हणायचं, यावर पोरं वाद घालतात. वेग हा त्यातला मुद्दाच नाही. ठरलेलं काम ठरलेल्या मुदतीत झालंच पाहिजे, एवढाच अर्थ. ओलाव्याचा आकडा दहा मिनिटं उशिरा आला तर झाड काही बोलत नाही. पण बोर आटली, मोटार कोरडी फिरायला लागली, करंट पडला, तर पाच-सात सेकंदांत मोटार सुटली पाहिजे. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात पाणी किती खोल गेलंय ते इथल्या माणसाला सांगायला नको. तेवढ्या खोलीवरून मोटार काढायची म्हणजे क्रेनवाला, दोन माणसं आणि एक अख्खा दिवस. म्हणून नेमक्या त्या क्षणी डबा झोपला तर तो नसलेलाच बरा.

गेल्या चार हंगामांत मी हाच बिघाड इतक्यांदा दुरुस्त केलाय की आता बोर्डावर संशय घेणं सोडून दिलंय. दहात नऊ वेळा बोर्ड ठणठणीत असतो.

लक्षणं

मोटार लागताच किंवा सुटताच डिस्प्ले कोरा होतो आणि दोन-तीन सेकंदांनी सगळं पहिल्यापासून चालू होतं. हे नेहमीचं.

रिले कटकट वाजतो. बोर्ड मोटार लावतो, स्वतः पडतो, मोटार सुटते, बोर्ड उठतो, पुन्हा लावतो. हे सगळ्यात वाईट लक्षण आहे. थेट स्टार्टरवर सुरू होणारी मोटार त्या क्षणी नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. मिनिटात पाच वेळा असं झालं तर वाइंडिंगला थंड व्हायला उसंत मिळत नाही.

मातीचं तापमान एकदम ८५ दाखवतं. किंवा उणे १२७. हे दोन आकडे पाठ करून ठेवा, पुढे कामाला येतात.

मोटार चालू असेपर्यंत ओलाव्याचा आकडा उड्या मारतो, बंद झाली की शांत होतो. टाकी अर्धी असताना 'टाकी भरली' असा निरोप येतो. कार्डावरची फाईल अर्धीच लिहिलेली सापडते. घड्याळ २००० सालच्या पहिल्या दिवसावर जाऊन बसतं.

आणि एक वेगळं लक्षण: डबा रिसेट होत नाही, नुसता अर्धा मिनिट गोठतो आणि पुन्हा चालायला लागतो. याचा मोटारीशी संबंध नसतो. त्याचं खाली सांगतो.

हात लावायच्या आधी

कटकट होत असेल तर डब्याचं काम आधी थांबवा. स्टार्टर हाताने चालवा, डबा फक्त आकडे दाखवायला ठेवा. मग प्रोग्रॅममध्ये एक अट घाला: बोर्ड उठल्यावर तीन मिनिटं मोटार लावायची नाही, काहीही होवो. पैसे लागत नाहीत. यानं बिघाड जात नाही, पण मोटार वाचते.

याच अटीचा दुसराही फायदा आहे. कृषी फीडरवर लाईन आली की आजूबाजूच्या वावरांतले सगळे ऑटो स्विच एकाच दमात मोटारी लावतात. डीपीवर (वावराजवळच्या ट्रान्सफॉर्मरवर) त्या क्षणी जो भार येतो त्यानं व्होल्टेज बसतं, आणि तुमचा बोर्ड नेमका तेव्हाच उठत असतो, वायफाय शोधत असतो. म्हणजे सगळ्यात अशक्त घटकेला त्याला सगळ्यात वाईट वीज मिळते. मी प्रत्येक डब्याला वेगळा उशीर देतो, एकाला तीन मिनिटं, शेजारच्याला पाच, पुढच्याला सात. डीपीही त्याबद्दल दुवा देत असेल.

आता दोन दिवस फक्त बघा आणि वहीत लिहा. किती वाजता पडला, लाईन येताना, मोटार लागताना की सुटताना. लागताना पडत असेल तर बहुतेक वेळा व्होल्टेज बसतंय. सुटताना पडत असेल तर बहुतेक स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरच्या (मोटार जोडणाऱ्या-तोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या) कॉईलमधून झटका येतोय: करंट तुटला की कॉईलमधली साठलेली ऊर्जा वाट मिळेल तिथून बाहेर पडते, आणि तुमचा बोर्ड ही तिची एक वाट असते. दोन्ही वेळा पडत असेल तर वायरिंग तपासायचं. कधीही पडत असेल तर ढिला स्क्रू.

वही ठेवायचा कंटाळा असेल तर बोर्डालाच लिहायला लावा. ईएसपी३२ प्रत्येक वेळी उठताना आपण का पडलो ते सांगू शकतो. त्याला रिसेटचं कारण विचारणारं फंक्शन त्याच्या लायब्ररीत, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या संचात आहे. ते कारण आणि वेळ फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) साठवायला दोन-चार ओळी पुरतात. 'ब्राउनआउट' आलं तर व्होल्टेज बसलं. 'पॉवर ऑन' आलं तर वीज पूर्णच तुटली, म्हणजे वायर किंवा सॉकेट. 'वॉचडॉग' आलं तर प्रोग्रॅम कुठेतरी अडकला. माझ्या पहिल्या सहा डब्यांत हे नव्हतं. ते सहाही डबे मी उगाच उघडले.

फुकटातल्या तपासण्या

मेन स्विच पाडा. नुसतं स्टार्टरचं लाल बटण दाबणं पुरत नाही. डबा उघडा आणि प्रत्येक स्क्रू टर्मिनलमधली वायर हलकेच ओढून बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाखालच्या पेटीत त्याहून जास्त, आणि रात्री उतरतो. या ताण-ढिलाईत स्क्रू सैल होतात. बारीक तारांची वायर नुसती पिळून बसवली असेल तर सहा महिन्यांत सुटतेच. तिला टोकाला फेरूल, म्हणजे धातूची बारीक टोपी लावा. मुंग्या, कोळी, गांधीलमाशीचं घर, पाल हेही बघा. एकदा रिलेच्या टर्मिनलवर चिकटलेली वाळकी पाल निघाली होती. काकांनी त्या पालीचा फोटो स्टेटसला ठेवला, खाली लिहिलं, 'चोर सापडला'.

मग यूएसबी केबल बदला. हे इतकं साधं आहे की कुणी करत नाही. मोबाईलसोबत आलेली, कुठेतरी जुनी झालेली बारीक केबल करंट वाढला की व्होल्टेज खाते. वायफायच्या झटक्यात ईएसपी३२ चा करंट क्षणभर अर्ध्या अँपिअरच्या आसपास जातो. बोर्डावरचा रेग्युलेटर ५ चे ३.३ व्होल्ट करतो आणि त्याला वर साधारण एक-सव्वा व्होल्टची जागा लागते. म्हणजे बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनवर ४.५ च्या खाली गेलं की ३.३ ची बाजूही घसरायला लागते. तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरने त्या पिनवर मोजा, चार्जरच्या टोकाला नाही. रिले ओढलेला आणि वायफाय चालू असताना ४.८ च्या वर असेल तर केबल ठीक. मल्टिमीटर संथ असतो, क्षणभराची घसरण त्याला दिसत नाही, हे ध्यानात ठेवा. आकडा चांगला आला म्हणून वीज निर्दोष ठरत नाही.

आता माझी सगळ्यात आवडती तपासणी: पॉवर बँक. घरात कुणाची तरी असतेच. चार्जर काढा, डबा एक दिवस पॉवर बँकेवर चालवा, मोटार नेहमीसारखी लावा-सोडा. बिघाड गेला तर तो विजेच्या वाटेने येत होता. राहिला तर सेन्सरच्या किंवा रिलेच्या वायरीतून येतोय. रुपया न घालता अर्धं रान साफ झालं. फक्त काही पॉवर बँका करंट फार कमी असला की स्वतःच बंद होतात, ते बिघाड म्हणून मोजू नका.

पॉवर बँकेवरही पडत असेल तर सेन्सर एकेक करून काढा. आधी सगळ्यात लांबची वायर, म्हणजे बहुधा टाकीचा फ्लोट. प्रत्येक काढल्यावर मोटार दोनदा लावून-सोडून बघा. शेवटी रिलेकडून स्टार्टरकडे जाणाऱ्या वायरी, पण त्या मेन स्विच पाडून आणि टेस्टरने खात्री करूनच, आणि मग मोटार हाताने लावा. जे काढल्यावर डबा शांत झाला तिथे दुखणं.

त्या दोन आकड्यांचं आता. डीएस१८बी२० ला वीज मिळताच त्याच्या पोटात ८५ अंश हा आकडा भरलेला असतो आणि पहिलं मोजमाप होईपर्यंत तो तेच सांगतो. पूर्ण अचूकतेचं एक मोजमाप पाऊण सेकंद घेतं. बोर्ड न पडता मधेच ८५ आलं तर सेन्सरची वीज क्षणभर गेली होती. उणे १२७ हे तापमानच नाही, 'सेन्सर उत्तर देत नाही' हे सांगायला लायब्ररीने ठेवलेला आकडा आहे. तेव्हा वायर बघा, आणि डेटा व ३.३ व्होल्टच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आहे का ते बघा. काटोलकडच्या एका वावरात डबा रोज दुपारी 'माती ८५ अंश' असं दाखवून ठिबक सोडायचा. मालकाला वाटलं आपल्या मातीत खरंच आग आहे. प्रोग्रॅममध्ये हे दोन आकडे फेकून द्या, पण किती वेळा आले ते मोजत राहा.

आणि गोठण्याचं. वावरात नेटवर्क एक काडी. प्रोग्रॅम नेटची वाट बघत उभा राहतो, तोवर करंट कोण बघणार? हॉटस्पॉट बंद करून बघा. डबा गोठला तर दोष प्रोग्रॅमचा आहे. मोटार सोडायचा निर्णय नेटच्या कामापासून वेगळा करा, ईएसपी३२ ला दोन कोअर त्यासाठीच वापरता येतात. कार्डावर लिहिणंही मिनिटातून एकदा, आणि लिहून झालं की फाईल बंद. ज्यांनी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर सगळंच टाकलंय त्यांना एवढंच सांगेन: पायला आलेख आणि नोंदी द्या, मोटार त्याच्या हाती देऊ नका. त्यातलं लिनक्स स्वतःच्या सवडीने काम करतं.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

रिलेच्या पट्टीवर 'जेडी-व्हीसीसी' असं लिहिलेल्या पिनांवर एक इवला जंपर (दोन पिना जोडणारी टोपी) असतो. पट्टी विकताना ऑप्टोकपलर (वायरीऐवजी प्रकाशाने इशारा पोचवणारा भाग) दाखवून 'आयसोलेटेड', म्हणजे दोन्ही बाजूंची वीज वेगळी, असं म्हणतात, पण तो जंपर बसलेला असेल तर रिलेची कॉईल आणि बोर्ड एकाच विजेवर असतात आणि आयसोलेशन नावापुरतं उरतं. जंपर काढा, रिलेच्या कॉईलला वेगळा पाच व्होल्टचा चार्जर द्या, आणि त्या दुसऱ्या चार्जरचा ऋण बोर्डाच्या ऋणाला जोडू नका. खर्च शंभर-दीडशे. माझ्या हिशेबात सर्वांत जास्त डबे या एका जंपरने बरे झालेत.

पिनाही तपासा. ईएसपी३२ च्या ०, २, १२ आणि १५ या पिना बोर्ड उठताना वेगळ्या कामाला असतात, त्यांच्यावर रिले ठेवू नका. या पट्ट्या बहुतेक पिन शून्य व्होल्टला आली की रिले ओढणाऱ्या असतात, म्हणून बोर्ड उठत असताना पिन लटकती राहू नये. तिला १० किलोओहमच्या रेझिस्टरने ३.३ व्होल्टला बांधा. ओलाव्याचे सेन्सर ३२ ते ३९ या पिनांवर घ्या. दुसऱ्या गटातल्या अ‍ॅनालॉग पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत, आणि हा बिघाड लोक मोटारीच्या माथी मारतात.

फ्लोटची वायर शंभर फूट असेल तर ती अँटेना आहे. बोर्डाच्या आतला पुलअप (पिन ३.३ व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर) फार कमजोर, त्याला बाहेरून २.२ किंवा ४.७ किलोओहमची मदत द्या, पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. त्याहून बरं म्हणजे पीसी८१७ ऑप्टोकपलर, वीस रुपयांच्या आत. आणि प्रोग्रॅममध्ये एका रीडिंगवर विश्वास ठेवू नका. लागोपाठ दहा वेळा तेच आलं तरच खरं. ओलाव्यासाठी सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधला येतो तो, घ्या. एक वेडा आकडा सरासरीला ओढतो, मध्यकाला नाही.

इथे जरा वाट सोडतो. मोटार बंद असतानाही ओलाव्याचा आकडा खोटा 'कोरडं' सांगत असेल, तर वायरीत शोधत बसू नका. आपली काळी माती उन्हात भेगाळते. भेग सेन्सरच्या पात्याजवळून गेली की पात्याला माती नाही, हवा लागते. मृग बहारासाठी बाग ताणावर सोडली की हे हमखास होतं. पातं काढा, चिखल करून पुन्हा बसवा, दोन दिवस आकडा सोडून द्या.

आता वायरिंग. सेन्सरची वायर आणि मोटारीची केबल एकाच पाइपातून नेलेली असते, कारण नाली एकदाच खणली. मोटार लागताच मोठ्या केबलीतला करंट शेजारच्या वायरीत आपलं प्रतिबिंब उमटवतो. निदान फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. नेटवर्कच्या केबलमधली पिळलेली एक जोडी सेन्सरला वापरा. शील्ड असेल तर ती एकाच टोकाला, डब्याच्या बाजूला बांधा. दोन्ही टोकांना बांधली तर दोन ठिकाणच्या जमिनींमधला फरक तिच्यातून वाहायला लागतो. आणि डबा स्टार्टरच्या लोखंडी पेटीत ठेवला असेल तर बाहेर काढा. 'आत सुरक्षित राहते' असं सगळे म्हणतात. तीन-चार फूट दूर, दुसऱ्या भिंतीवर, सावलीत.

घड्याळ पुन्हापुन्हा मागे जात असेल तर गोल सेल बघा. स्वस्त निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारी वाट असते, आणि आपण घालतो तो सीआर२०३२ चार्ज होणारा नसतो. ती वाट तोडा किंवा चार्ज होणारा सेल घाला.

व्होल्टेज बसतंय हे ठरलं असेल तर

व्हिडिओ बघून बरेच जण पाच व्होल्टवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठोकतात. हिशेब करू. बोर्ड आणि रिले मिळून २०० मिलिअँपिअर घेतात असं धरा, आणि अर्ध्या व्होल्टची घसरण चालते असं धरा. कपॅसिटर गुणिले व्होल्ट भागिले करंट: अडीच मिलिसेकंद. पन्नास हर्ट्झच्या विजेचं अर्धं आवर्तन दहा मिलिसेकंदांचं असतं, आणि मोटार सुरू होताना व्होल्टेज काही आवर्तनं, कधी अर्धा-एक सेकंद बसलेलं राहतं. म्हणजे तो कपॅसिटर वायफायच्या झटक्याला उपयोगी, मोटारीच्या नाही. लावा, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

आधी मोबाईलचा चार्जर काढून ८५ ते २६५ व्होल्ट लिहिलेला चांगला एसएमपीएस (एसीचं पाच व्होल्ट डीसी करणारा पॉवर सप्लाय) घ्या. बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं. नाही झालं तर बॅटरी. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी, तिला १३.६ ते १३.८ व्होल्टवर धरून ठेवणारा चार्जर, पुढे पाच व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर, आणि बॅटरीच्या धन टोकाला लगेच दोन अँपिअरचा फ्यूज. डबा बाराच्या बाजूने साधारण ०.१ अँपिअर घेतो. कागदावर सत्तर तास होतात, अर्धे धरा, तरी लाईन नसताना दीड दिवस नोंदी तुटत नाहीत. लाईन आठच तास असली की याची किंमत कळते.

सुटताना पडत असेल तर: कॉईल

बोर्डाशेजारच्या १२ किंवा २४ व्होल्ट डीसी रिलेला उलटा १एन४००७ डायोड लावा, पट्टा धन बाजूला. रुपया-दोन रुपये. हे तुम्ही करू शकता.

स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची कॉईल एसीची असते, तिथे डायोड चालत नाही. तिला १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड असा आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) कॉईलच्या दोन टोकांवर लागतो, पॅनेलचं सामान विकणाऱ्याकडे तयार मिळतो. रिलेच्या कॉन्टॅक्टवर लावू नका. २३० व्होल्टला त्यातून सात-एक मिलिअँपिअर सतत झिरपत राहतात आणि छोटा कॉन्टॅक्टर सुटायच्या ऐवजी गुणगुणत बसतो.

पण हात घालायच्या आधी कॉईलवरचा आकडा वाचा. आपल्याकडच्या थ्री-फेज स्टार्टरांत ती बऱ्याचदा दोन फेजांमध्ये लावलेली, ४१५ व्होल्टची असते. आणि आपल्या निळ्या चौकोनी रिलेवर स्पष्ट छापलेलं असतं: १० अँपिअर, २५० व्होल्ट. चारशे पंधरावर तो चालतो, काही दिवस. मग त्याचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि डबा 'बंद' म्हणत असताना मोटार चालू राहते. तिथे मध्ये योग्य रेटिंगचा कॉन्टॅक्टर किंवा रिले हवाच. हे काम तुमचं नाही, माझंही नाही.

इथे थांबा, वायरमनला बोलवा

स्टार्टरच्या पेटीच्या आतलं सगळं परवानाधारक वायरमनचं. मी स्वतः इतके डबे जोडले तरी तिथे वायरमन सोबत घेतो.

डब्याची वीज कुठून घेतलीय तेही बघा. वावरात न्यूट्रल नीट नसला की एक फेज आणि जमिनीत ठोकलेली सळई यांच्यात दिवा लावायची जुनी खोड आहे. चार्जरही त्यावरच लागतो. मोर्शीजवळ अशाच एका ठिकाणी मी वायरमनसोबत मोजलं होतं: मोटार बंद असताना २३१, लागताच १६८. डब्याचा बिचाऱ्याचा काय दोष? ते रिसेट ही सगळ्यात छोटी गोष्ट होती. त्या सळईभोवतीच्या ओल्या मातीत वीज उतरते, आणि तिथेच बैल बांधला होता. असं दिसलं तर डब्याचा विचार सोडा, मेन स्विच पाडा, सळईजवळ कुणाला जाऊ देऊ नका.

पेटीला हात लावताच मुंग्या आल्या, जळका वास आला, स्टार्टर नेहमीपेक्षा जोरात गुणगुणतोय, तीन फेजांचे आकडे एकमेकांपासून फार लांब आहेत, मोटारीचा करंट रोजच्यापेक्षा चढलाय, किंवा जवळ वीज पडून गेलीय, तर पुढची कुठलीच तपासणी करू नका. डीपीवरचा फ्यूज, खांबावरची जोडणी हे लाईनमनचं काम आहे. काठीने किंवा लाकडी शिडीने 'जरा बघतो' असं करू नका. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

वायरमनला बोलावताना त्याला 'डबा चालत नाही' एवढंच सांगू नका, तो डबा काढून टाकायला सांगेल आणि त्याचंही बरोबर असेल. कॉईलवरच्या आकड्याचा फोटो, वहीतल्या वेळा, लागताना पडतो की सुटताना, आणि पॉवर बँकेवर काय झालं हे पाठवा. वरूडच्या काकांनी मागच्या वेळी दोन दिवसांनी फोन केला: "सुटताना जाते, भाऊ. अकरा येळा पायलं, अकराही येळा सुटताना." पुढच्या फेरीत वायरमनच्या पिशवीत स्नबर घेऊनच गेलो.